पाठीवरचे ओझे आणि पाठीचा हक्क

सर्व स्तुती अल्लाहसाठीच, ज्याने मानवाला उत्तम घडणीत निर्माण केले, त्याला दोन पायांवर ताठ उभे केले आणि मग आपल्यासमोर झुकण्याचा मान दिला. दुरूद व सलाम असो अंतिम पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या कुटुंबीयांवर आणि सर्व सहाबांवर.



कुरआन मजीदमधील सूरह अश-शर्ह ही केवळ आठ आयतींची सूरह आपल्यापैकी बहुतेकांना मुखोद्गत असते. तिच्या आरंभी अल्लाह आपल्या पैगंबरांना (स.) दिलेल्या कृपांची आठवण करून देतो आणि त्यांत एक कृपा अशी सांगतो की, ज्या ओझ्याने पाठ मोडू पाहत होती ते ओझे उतरवण्यात आले. हे ओझे कोणते, याविषयी मुफस्सिरांनी अनेक अर्थ सांगितले आहेत. येथे लक्ष वेधायचे आहे ते आयतीतील क्रियापदाकडे. भाष्यकार सांगतात की, अरबी भाषेत हा शब्द उंटावर बेसुमार भार लादल्यावर खोगीर आणि हाडे ज्या आवाजाने करकरतात त्या करकरण्यावरून आलेला आहे. मनावरील सर्वांत जड भार शब्दांत मांडताना अल्लाहच्या वाणीने भाराखाली करकरणाऱ्या पाठीचे चित्र निवडले. पाठीचे दुखणे काय असते हे तिच्या निर्मात्याहून अधिक कोण जाणणार?

आपल्या मराठी भाषेनेही हे ओळखले आहे. जो साथ देतो तो पाठीराखा, जे बळ देतो ते पाठबळ, आणि सहमती दर्शवणे म्हणजे पाठिंबा. संकटाने माणूस खचला की त्याचे कंबरडे मोडले असे आपण म्हणतो. परंतु भाषेत पाठीला एवढा मान देणारे आपण, प्रत्यक्ष देहाच्या पाठीकडे मात्र ती पूर्णपणे जायबंदी होईपर्यंत पाहतही नाही. या महिन्यात त्याविषयीच काही निवेदन करावयाचे आहे.

देह ही अमानत आहे

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) हे तरुण सहाबी दिवसभर रोजा आणि रात्रभर नमाज असा क्रम ठेवू लागले. पैगंबरांनी (स.) त्यांना यापासून रोखले आणि समजावले की, शरीराचा माणसावर हक्क आहे, डोळ्यांचा आहे, पत्नीचाही आहे. ही हदीस सहीह बुखारीत आली आहे. येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या अतिरेकाला रोखण्यात आले तो करमणुकीचा अतिरेक नव्हता, तो इबादतीचा होता. इबादतीसाठीदेखील देह मोडण्याची परवानगी नसेल, तर चार पैशांसाठी, प्रतिष्ठेसाठी किंवा निव्वळ निष्काळजीपणाने तो मोडण्याची परवानगी कशी असेल? सूरह अल-बकराच्या १९५ व्या आयतीत स्वतःच्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटण्यास मनाई आहे, हेही येथे स्मरणात ठेवावे.

आपल्या दोन जिल्ह्यांची पाठ

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे पाठीवर उभे आहेत असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची, गुळाची आणि बेदाण्याची उलाढाल होते. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनाचा आपल्याला अभिमान आहे, परंतु हळदीचे प्रत्येक पोते कोणाच्या तरी पाठीवरूनच गाडीत चढलेले असते. मुंबईच्या बंदरांत आणि बाजारांत डोक्यावर व पाठीवर भार वाहणारे जे माथाडी कामगार, त्यांत घाटावरून, विशेषतः सातारा-सांगलीकडून गेलेल्यांचा भरणा फार मोठा राहिला आहे. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील हे साताऱ्याच्या पाटण तालुक्याचेच.

हे झाले भार वाहणाऱ्यांचे. कृष्णाकाठच्या उसात थंडीच्या दिवसांत तोडणी कामगार पहाटेपासून वाकलेले असतात, आणि नंतर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत, कोरेगावच्या आल्याच्या शेतात, भांगलण करणाऱ्या बायका कंबरेत दुमडून दिवस काढतात. तासगावकडे बेदाणा निवडणाऱ्या भगिनी तासन्‌तास मांडी घालून मान खाली घालून बसलेल्या असतात. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत हंडा-कळशीचा भार पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांच्या कमरेवर राहिला आहे. विट्याच्या यंत्रमागावरील कामगार उभ्याने पाळी भरतो. मिरजेत सतार आणि तंबोरा घडवणारे आपले कारागीर जमिनीवर बसून, भोपळ्यावर ओणवे होऊन आयुष्य वेचतात. या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. त्यांच्या तारांतून जो गोडवा येतो त्यामागे किती वाकलेल्या पाठी आहेत, हे मैफलीत कोणाच्या मनात येत नाही.

आणि ज्यांचे काम बैठे आहे त्यांनी स्वतःला यातून वगळू नये. शिवणयंत्रावरील दर्जी, दुकानाच्या गल्ल्यावरील व्यापारी, पुणे-बंगळूर महामार्गावर ट्रक हाकणारा चालक, संगणकासमोरचा तरुण आणि रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर मान मोडून बसलेला विद्यार्थी हे सर्व एकाच रांगेतले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि माणसाला कामापासून दूर ठेवणाऱ्या कारणांत कंबरदुखी जगात पहिल्या क्रमांकावर आहे.

कण्याची घडण

जन्मतः पाठीच्या कण्यात ३३ मणके असतात. मानेचे ७, छातीमागचे १२, कंबरेचे ५ आणि त्याखालचे ९ मणके वयानुसार जुळून एकसंध होतात. वरच्या मणक्यांमध्ये गादीसारख्या चकत्या आहेत. तिच्या बाहेर चिवट तंतूंचे कडे आणि आत मऊ गर असतो. चालताना, वाकताना, उडी मारताना बसणारा हादरा ही गादी शोषून घेते. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो आणि दोन्ही बाजूंनी हातापायांकडे जाणाऱ्या नसा बाहेर पडतात.

आपण कमरेतून वाकून, शरीरापासून लांब असलेले ओझे झटक्याने उचलतो किंवा उचलता उचलता वळतो, तेव्हा कमरेच्या गादीवर पडणारा दाब ओझ्याच्या वजनाच्या कितीतरी पटींनी वाढतो. असे वर्षानुवर्षे होत राहिले की तंतूंचे कडे झिजते, आतला गर बाहेर सरकतो आणि शेजारच्या नसेवर दाबतो. यालाच आपल्याकडे गादी सरकली, नस दबली असे म्हणतात. सहीह मुस्लिममधील एका हदीसनुसार मानवाच्या शरीरात ३६० सांधे आहेत, आणि दुसऱ्या एका हदीसनुसार रोज सूर्य उगवताच प्रत्येक सांध्यापोटी माणसावर एक सदका येतो. त्याच हदीसमध्ये सदक्याचे प्रकार सांगताना एक प्रकार असा आला आहे की, एखाद्याला त्याच्या जनावरावर चढण्यास हात द्यावा किंवा त्याचे सामान उचलून वर ठेवू लागावे. सांध्यांचे आभार कसे मानावेत, तर दुसऱ्याच्या सांध्यांवरील भार हलका करून! हा धागा आपण पुढे पुन्हा हाती घेणार आहोत.

दुखणे ओळखावे कसे?

कंबरदुखीचे बहुतेक प्रकार गंभीर नसतात. जड काही उचलताना उसण भरते, चमक येते, स्नायू आखडतात. अशा वेळी माणूस घाबरतो, परंतु बहुसंख्य रुग्णांना काही आठवड्यांत आराम पडतो. पूर्वी अशा रुग्णाला आठवडाच्या आठवडा फळीवर झोपवून ठेवीत. आता वैद्यकशास्त्र सांगते की, एक-दोन दिवसांहून अधिक अंथरुणाला खिळून राहिल्याने फायदा होत नाही, उलट स्नायू दुबळे होतात. शेक घ्यावा, डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक घ्यावे, जड काम टाळावे आणि सोसेल तेवढे चालते-फिरते राहावे.

दुसरा प्रकार नसेचा. कमरेतून निघालेली कळ नितंबातून मांडीमागे आणि पोटरीतून पावलापर्यंत जाते, पायाला मुंग्या येतात, खोकताना-शिंकताना कळ वाढते. याला लोक सायटिका म्हणून ओळखतात. हेही पुष्कळदा शस्त्रक्रियेविना बरे होते, परंतु त्यासाठी डॉक्टरांनी तपासणे आवश्यक आहे.

तिसरा प्रकार तरुणांत दिसतो आणि हमखास दुर्लक्षिला जातो. चाळिशीच्या आतील माणसाची कंबर फजरच्या वेळी लाकडासारखी ताठ असते, अर्धा-पाऊण तास मोकळी होत नाही, विश्रांतीने वाढते आणि हालचालीने कमी होते. असे तीन महिन्यांहून अधिक चालले असेल तर तो मणक्यांचा संधिवात असू शकतो. त्यावर वेळेत औषध मिळाले तर कणा वाकण्यापासून वाचवता येतो.

आता जी लक्षणे सांगतो ती प्रत्येक घरातील कर्त्या माणसाने आणि कर्त्या स्त्रीने लक्षात ठेवावीत. यांपैकी कोणतेही दिसले तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये:

लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, अथवा लघवी अडणे;
दोन्ही मांड्यांच्या आतील, बैठकीच्या भागात बधिरता येणे;
पायातील शक्ती जाणे, चालताना पाऊल लोंबू लागणे, पायातून चप्पल निसटल्याचेही न कळणे;
पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे;
पाठदुखीसोबत ताप येणे, वजन घटणे, भूक मंदावणे, रात्री झोपेतून उठवणारी कळ येणे;
पूर्वी कर्करोग किंवा क्षयरोग झालेल्या व्यक्तीला नव्याने पाठदुखी सुरू होणे.

यांतील पहिल्या तीन लक्षणांत तासांना महत्त्व असते. नसांचा जुडगा दबला असेल तर तातडीच्या शस्त्रक्रियेनेच पाय आणि लघवीचे नियंत्रण वाचू शकते. उशीर झाला तर आयुष्यभराचे पंगुत्व पदरी येते. तापाबद्दलही एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. क्षयरोग केवळ फुप्फुसांचा नसतो, तो मणक्यालाही होतो. तेव्हा खोकला असेलच असे नाही. शासनाच्या क्षयरोग कार्यक्रमात त्याची औषधे मोफत मिळतात. हा रोग पाप नव्हे, कलंकही नव्हे. मुलीचे लग्न जमणार नाही या भीतीने तो लपवणे हा मात्र त्या मुलीवरचा अन्याय आहे.

सब्र म्हणजे दुर्लक्ष नव्हे

आपल्या समाजात एक गोड गैरसमज रूढ आहे. वेदना मुकाट्याने सोसणे म्हणजे सब्र, आणि डॉक्टरकडे जाणे म्हणजे तवक्कुलमध्ये उणेपणा, असे काहींना वाटते. काही ग्रामीण अरबांनी पैगंबरांना (स.) विचारले होते की, आम्ही औषधोपचार करावेत काय? त्यांनी होकार दिला आणि समजावले की, वार्धक्य वगळता अल्लाहने असा कोणताही आजार ठेवलेला नाही ज्याचा उपाय ठेवला नाही. ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी नोंदवली आहे. सब्र म्हणजे उपचार करताना तक्रारीचा सूर न लावणे. उपचारच न करणे म्हणजे सब्र नव्हे.

मजुराच्या बाबतीत या सब्राखाली दुसरेच काही दडलेले असते. पाय बधिर होतो आहे हे त्याला कळते, परंतु सांगितले तर उद्या काम मिळणार नाही, आठवड्याचा बाजार होणार नाही, अशी त्याला धास्ती असते. तो पट्टा आवळतो, गोळी गिळतो आणि पुन्हा पोत्याखाली जातो. त्याला सब्राचा उपदेश करण्यापूर्वी आपण त्याच्या घरच्या चुलीची चौकशी केली पाहिजे. मशिदीच्या बैतुलमालमधून एखाद्या मजुराच्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीचा शिधा भरता आला, तर त्या एका मदतीने त्याचा पाय आणि त्याच्या मुलांचे शिक्षण दोन्ही वाचू शकते. जकातीच्या हक्कदारांत फकीर आणि मिस्कीन सर्वप्रथम आले आहेत, हे आपण जाणतोच.

उपायांच्या नावाखाली चालणाऱ्या काही गोष्टींविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेण्याची प्रथा आपल्या खेड्यांत आजही आहे. जन्मताना कोणाचे पाय आधी बाहेर आले यावरून त्याच्या लाथेत शिफा आली, असे मानण्यास शरीयतमध्ये आधार नाही आणि वैद्यकातही नाही. मणक्याला इजा असेल तर अशी एक लाथ पाय कायमचा घालवू शकते. कमरेवर उभे राहून तुडवून घेणे, मान झटक्याने कडकन मोडून घेणे हेही तितकेच धोक्याचे आहे. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि गोळ्या यांनी दोन दिवसांत जादूसारखा गुण येतो, कारण त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याच पुड्या पुढे हाडे ठिसूळ करतात आणि साखर वाढवतात.

हिजामाविषयी विचारणा होते. पैगंबरांनी (स.) नितंबाच्या भागातील दुखापतीसाठी हिजामा करून घेतल्याचे अबू दाऊदमध्ये आले आहे. तेव्हा ज्याला तो करावयाचा आहे त्याने प्रशिक्षित व्यक्तीकडून, नवीन पात्याने व स्वच्छ साधनांनी करून घ्यावा. रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी आधी डॉक्टरांना विचारावे. परंतु वर सांगितलेली धोक्याची लक्षणे असताना हिजामाच्या प्रतीक्षेत थांबणे हे सुन्नतवरील प्रेम ठरत नाही. दुआ करावी, दम करावा आणि डॉक्टरही गाठावा. यांत विरोध नाही.

साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगलीचे शासकीय रुग्णालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही दारे आपल्यासाठी उघडी आहेत. मिरजेत तर १८९४ सालापासून मिशन रुग्णालय आहे, आणि कर्नाटकातून लोक उपचारासाठी या शहरात येत आले आहेत. आपण तासाभराच्या अंतरावर राहून पाऊल लोंबेपर्यंत थांबावे, ही कृतज्ञता नव्हे.

दुखण्याआधीची काळजी

ओझे उचलताना पाय थोडे फाकवून, गुडघ्यांत वाकून बसावे, ओझे छातीशी जवळ घ्यावे आणि मांड्यांच्या जोरावर उठावे. ओझे हाती असताना कमरेतून वळू नये, पावले टाकून अंगासह वळावे. जे एकट्याने उचलवत नाही त्यासाठी दुसऱ्याला हाक मारण्यात कमीपणा मानू नये. पैगंबरांनी (स.) बलवान मोमिन दुर्बल मोमिनापेक्षा अल्लाहला अधिक प्रिय असल्याचे सांगितले आहे, परंतु बळ म्हणजे पैजेने क्विंटल उचलणे नव्हे. पैजेपायी कंबर गमावलेले पैलवान आपल्या कृष्णाकाठच्या तालमींना नवे नाहीत.

बैठे काम करणाऱ्यांनी दर अर्ध्या-पाऊण तासाने उठावे, चार पावले टाकावीत. कमरेमागे लहान उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल ठेवावा. दुचाकीवर लांबचा प्रवास टाळता आला तर टाळावा, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर वेग आवरावा. पोटाचा घेर वाढला की कमरेचा भार वाढतो, म्हणून आहारात पोटाचा एक तृतीयांश भाग मोकळा ठेवण्याची नबवी शिकवण येथेही उपयोगी आहे. विडी-सिगारेटने मणक्यांच्या गादीला मिळणारे पोषण घटते. फुप्फुसाची भीती वाटत नसेल त्याने निदान कमरेची तरी भीती बाळगावी. रोज अर्धा तास चालणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. घर दूर असले तरी पायी मशिदीत येणाऱ्याला प्रत्येक पावलाचे पुण्य आहे, आणि ते पाऊल कमरेलाही उपकारक आहे.

भगिनींविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. सूरह लुकमानच्या १४ व्या आयतीत आईने अशक्तपणावर अशक्तपणा सोसत मुलाला पोटात वागवल्याची आठवण अल्लाह स्वतः करून देतो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सांध्यांचे बंध सैल झालेले असतात. त्या दिवसांत पाण्याचे हंडे, गॅसची टाकी, धुण्याच्या बादल्या तिने उचलणे हे घरातील पुरुषांना शोभत नाही. हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले की, पैगंबर (स.) घरी काय करीत असत? त्यांच्या उत्तराचा आशय असा की, ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघत. घरकामात हात लावल्याने मर्दानगी उणावते असे मानणाऱ्यांनी या हदीसचे मनन करावे. पन्नाशीनंतर स्त्रियांची हाडे विरळ होतात आणि किरकोळ पडण्यानेही मणका दबतो. दूध, नाचणी, तीळ यांचा आहारात समावेश, आणि परद्याची मर्यादा राखून घराच्या गच्चीवर किंवा अंगणात रोज थोडे ऊन, ही गरज आहे, चैन नव्हे.

मुलांच्या बाबतीत २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे असे सांगितले आहे. तीस किलोच्या मुलाला तीन किलोचे दप्तर पुरे. आपल्या मक्तब-मदरशांतही पाहावे. हिफ्जची मुले रोज कित्येक तास जमिनीवर बसून, रिहलवर झुकून सबक पाठ करतात. रिहल किंवा तिपाईची उंची मुलाच्या छातीच्या बेताची असावी, तासाभराने त्यांना उभे करावे, अस्रनंतर खेळायला सोडावे. कुरआन ज्या छातीत ठेवायचे तिच्यामागचा कणा आपण बालपणीच वाकवू नये.

नमाज आणि पाठ

नमाज ही इबादत आहे, तिला व्यायामाचे नाव देणे योग्य नव्हे. तरीही तिच्यात पाठीला तिचे स्थान दिलेले आहे. हजरत आयशा (रजि.) यांनी वर्णन केले आहे की, रुकूत पैगंबर (स.) डोके वर उचलून ठेवत नसत आणि खाली झुकवतही नसत, दोन्हींच्या मध्ये ठेवत. रुकूत आणि सजद्यात पाठ स्थिर न करता घाईने उरकणाऱ्याची नमाज पुरेशी होत नाही, असा इशाराही हदीसमध्ये आहे. जो रुकू सावकाश करतो तो सुन्नतही पाळतो आणि झटका टाळून कंबरही सांभाळतो.

ज्याची कंबर दुखते त्याने काय करावे? हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) आजारी होते. त्यांनी विचारल्यावर पैगंबरांनी (स.) त्यांना सांगितले की, उभे राहून नमाज पढावी, ते शक्य नसेल तर बसून, तेही शक्य नसेल तर कुशीवर. सहीह बुखारीतील या एका उत्तरात सवलतही आहे आणि मर्यादाही. किरकोळ कुरकुरीसाठी फर्ज नमाजमधील उभे राहणे सोडता येत नाही. परंतु असह्य वेदना होत असतील, दुखणे वाढण्याची किंवा बरे होण्यास विलंब लागण्याची भीती स्वतःच्या अनुभवाने अथवा जाणकार डॉक्टरच्या सांगण्याने असेल, तर सवलत घेणे हेच अल्लाहच्या आज्ञेचे पालन आहे. भिंतीचा किंवा काठीचा आधार घेऊन उभे राहता येत असेल तर तसे करावे. जमिनीवर बसून प्रत्यक्ष सजदा करता येत असेल त्याने खुर्चीवर बसून केवळ इशारा करणे पुरेसे ठरत नाही. ज्याला सजदाच शक्य नाही त्याने इशाऱ्याने करावा आणि सजद्यासाठी रुकूपेक्षा अधिक झुकावे. सजदा अशक्य असता उभे राहण्याचा हुकूम काय, यात हनफी आणि शाफई फुकहांच्या तपशिलात फरक आहे, तेव्हा डॉक्टरांचा सल्ला घेऊन आपल्या जवळच्या आलिमांशी बोलावे.

खुर्च्यांवरून मशिदीत कुरबुरी होतात. तरुण मनुष्य खुर्चीवर दिसला की मागून टोमणे येतात. सरकलेली गादी बाहेरून दिसत नाही. बंधूंनो, ज्याचे दुखणे अल्लाह जाणतो त्याचा हिशेब आपण मागू नये. आणि आम्हा इमामांसाठीही आज्ञा स्पष्ट आहे की, जमातीत दुर्बल, आजारी आणि वृद्ध असतात म्हणून इमामाने नमाज हलकी ठेवावी. जुम्याचा खुत्बा लांबवताना मागच्या रांगेतील कंबरा आठवाव्यात.

ओझे लादणाऱ्यांसाठी

येथवर सांगितले ते ओझे वाहणाऱ्याला. परंतु जो पंधरा तास पोटासाठी राबतो त्याला गुडघ्यांत वाक आणि विश्रांती घे असे सांगून आपली जबाबदारी संपत नाही. ओझे किती आणि किती वेळ, हे तो ठरवत नाही. ते मालक ठरवतो, आडते ठरवतात, ठेकेदार ठरवतो. यांत आपले मुस्लिम व्यापारी बंधूही आहेत.

हजरत मूसा (अ.) मदयनला पोहोचले तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी त्यांना आठ वर्षांच्या चाकरीवर ठेवले, दहा पूर्ण केल्यास ती मूसांची मर्जी. सूरह अल-कससच्या २७ व्या आयतीत हा करार आला आहे आणि त्यात मालकाच्या तोंडचे एक आश्वासनही आहे की, तुला कष्टात टाकण्याची माझी इच्छा नाही. मजुरीचा करार करताना मालकाने पहिल्याच दिवशी हे बोलावे, असा आदर्श कुरआनने आपल्यापुढे ठेवला आहे. हजरत अबूजर (रजि.) यांना पैगंबरांनी (स.) बजावले की, हाताखालचे लोक तुमचे भाऊ आहेत, त्यांच्यावर झेपणार नाही असे काम लादू नका, आणि लादलेच तर स्वतः हातभार लावा. एकदा पैगंबरांना (स.) एक उंट दिसला, ज्याचे पोट पाठीला लागले होते. त्यांनी या मुक्या जनावरांबाबत अल्लाहचे भय बाळगण्याचा आदेश दिला. जनावराच्या पाठीसाठी हे असेल, तर माणसाच्या पाठीसाठी काय असेल?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने एका वेळी वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली. आपल्या बाजारांत शंभर किलोचे पोते ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. हमालांच्या संघटनांना पन्नास किलोच्या पोत्यासाठी झगडावे लागले. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्यानुसार मंडळात नोंद झालेल्या कामगाराला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, पगारी रजा यांचे संरक्षण मिळते. नोंद टाळण्यासाठी मजुराला कागदावरच न आणणे हे कायद्याने गुन्हा ठरो वा न ठरो, कयामतच्या दिवशी त्याचा जाब द्यावाच लागेल. सूरह अल-अनआमच्या ३१ व्या आयतीत त्या दिवशी लोक आपापली ओझी पाठीवर वाहत असतील असे सांगितले आहे. येथे ज्याने दुसऱ्याच्या पाठीवर बेहिशेबी ओझे चढवले, त्याची स्वतःची पाठ तेथे रिकामी कशी राहील?

हजरत उमर (रजि.) यांची ती रात्र आपण अनेकदा ऐकली आहे. मदीनेबाहेर उपाशी मुलांना रिकामी हांडी ढवळून झोपवणारी आई त्यांना दिसली. ते परतले, कोठारातून पिठाचे पोते काढले आणि सेवक अस्लम यांना ते आपल्या पाठीवर चढवण्यास सांगितले. अस्लम म्हणाले की, मी वाहतो. तेव्हा खलीफांनी विचारले की, कयामतच्या दिवशीही माझे ओझे तू वाहणार आहेस काय? मुसलमानांच्या शासकाने पोत्याचे वजन स्वतःच्या पाठीवर अनुभवले. यार्डातील एखाद्या मालकाने वर्षातून एक दिवस तरी ते पोते उचलून पाहावे, म्हणजे हमाली ठरवताना घासाघीस करण्यास जीभ धजावणार नाही.

एकमेकांची पाठ

हजरत मूसा (अ.) यांना फिरऔनकडे जाण्याची आज्ञा झाली तेव्हा त्यांनी अल्लाहकडे आपल्या भावाला, हारूनला सोबती म्हणून मागितले. सूरह ताहामधील त्या प्रार्थनेत त्यांनी भावाला वजीर म्हटले, म्हणजे भार वाटून घेणारा, आणि त्याच्याद्वारे आपली पाठ मजबूत करण्याची याचना केली. एवढे थोर पैगंबरही एकट्याच्या पाठीवर विसंबले नाहीत.

तेव्हा या महिन्यात प्रत्येकाने आपापल्या जागी एक काम करावे. घरात कोणी पाय बधिर झाल्याचे, ताप आणि पाठदुखीचे सांगत असेल तर त्याला या आठवड्यातच डॉक्टरकडे न्यावे. पत्नीच्या किंवा आईच्या हातातील हंडा आपण उचलावा. मुलाचे दप्तर तराजूवर ठेवून पाहावे. मशिदीच्या विश्वस्तांनी आजारी मजुरांसाठी थोडा निधी बाजूला काढावा. आणि ज्याच्या हाताखाली माणसे आहेत त्याने मदयनच्या त्या वृद्धाचे आश्वासन आपल्या कामगारांना आपल्या शब्दांत द्यावे आणि पाळावे.

हे अल्लाह! जे आजारी आहेत त्यांना शिफा दे, जे वाकून राबतात त्यांच्या रोजीत बरकत दे, आम्हाला झेपणार नाही असे ओझे आमच्यावर टाकू नकोस, आणि आमच्या हातून दुसऱ्याच्या पाठीवरही तसे ओझे पडू देऊ नकोस. शेवटच्या श्वासापर्यंत आमच्या कण्यात एवढे बळ ठेव की, आम्ही तुझ्यासमोर उभे राहू शकू आणि तुझ्याच समोर झुकू शकू. आमीन.